रद्दीवाल्याचा काटा आणि दुसरा मजला

आमच्या वाचनालयाच्या दारात रद्दीवाला काटा घेऊन आला आणि तासाभरात नाक्यावर बातमी पसरली की वाचनालय मोडीत निघालं. संध्याकाळपर्यंत तीन जुन्या सभासदांचे फोन आले. एक काका तर थेट दोन जिने चढून वर आले आणि धापा टाकत कादंबऱ्यांच्या रॅकसमोर उभे राहिले. म्हटलं, "काका, विकत नाही हो. नुसतं वजन करतोय." ते म्हणाले, "वजन कशासाठी करतात ते कळतं मला."

त्या काट्यापर्यंत गोष्ट कशी आली ते सांगते.

परळमधलं आमचं सार्वजनिक वाचनालय. इमारत १९७८ची, तळमजला अधिक तीन मजले. तळमजल्यावर भाड्याने द्यायचा हॉल: बारशी, साखरपुडे, छोटी लग्नं. पहिल्या मजल्यावर देवघेव आणि वाचनकक्ष, दुसऱ्यावर पुस्तकं, तिसऱ्यावर अभ्यासिका. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची पोरं सकाळी सहाला येतात ती रात्री अकराला कुलूप लावायच्या वेळी उठतात. मी इथे चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे. ही इमारत मला पाठ आहे असा माझा समज होता.

फेब्रुवारीत वॉर्ड ऑफिसची नोटीस आली. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३५३ब. इमारतीला तीस वर्षं झाली की पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून ती तपासून घ्यायची आणि ती उभी राहण्याइतकी धड आहे असा दाखला द्यायचा. खरं तर नोटिशीची वाट बघायची नसतेच, ही जबाबदारी मालकाची. आमची तिशी उलटून पंधरा वर्षं झाली होती. कार्यकारी समितीच्या बैठकीत पहिला अर्धा तास 'नोटीस आपल्यालाच का' यावर गेला. समोरच्या सोसायटीला आली का, पलीकडच्या शाळेला आली का, वगैरे.

एका विश्वस्तांच्या ओळखीतून पहिले गृहस्थ आले. तळमजल्यावरच खुर्ची घेतली, चहा घेतला, मान वर करून स्लॅबकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "रिपोर्ट कसा हवाय?"

मला वाटलं, मराठीत की इंग्रजीत असं विचारतायत. मी म्हटलं, "मराठीत मिळाला तर बरंच." अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले.

त्या प्रश्नाचा अर्थ मला ते गेल्यावर कळला. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे लोक आत असतानाच करता येईल अशी, पण सांगाड्याची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. या चार अक्षर-आकड्यांभोवती मुंबईत केवढं राजकारण फिरतं! पुनर्विकास हवा असेल त्याला सी-१ हवा असतो, घर सोडायचं नसेल त्याला सी-३. मालक एक रिपोर्ट आणतो, भाडेकरू दुसरा आणतात, दोन्हींत ताळमेळ नसतो आणि प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. आमच्या एवढ्याशा समितीतही हे दोन्ही पक्ष निघाले. एक विश्वस्त म्हणत, पाडा आणि बिल्डरकडून नवी चकचकीत वास्तू घ्या. खजिनदारांच्या वहीत मे महिन्याची हॉलची अकरा बुकिंग होती. त्यांना सी-३ पेक्षा जास्त काही ऐकायचंच नव्हतं.

पहिल्या गृहस्थांना अध्यक्षांनी नमस्कार केला तो कायमचाच. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

दुसरे इंजिनीअर साठीच्या पुढचे. आवाज बारीक, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांनी चहाही घेतला नाही आणि वरही पाहिलं नाही. म्हणाले, "नकाशे आहेत?"

आर्किटेक्टचा एक निळा नकाशा कपाटात सापडला, घड्यांवर फाटलेला. सळया कुठे, किती, कोणत्या जाडीच्या हे सांगणारा आरसीसीचा नकाशा मात्र नव्हता. पाण्यात गेला असणार. त्यांनी दुसरं काम दिलं: "बाई, या इमारतीला आजवर कोणी काय काय केलंय ते लिहून काढा. गळती, दुरुस्ती, भिंत पाडली, भिंत बांधली, टाकी बसवली, सगळं. डॉक्टरला सांगतात तसं. लपवू नका."

वाचनालयाचं एक बरं असतं, इतिवृत्ताच्या वह्या कोणी टाकून देत नाही. चार संध्याकाळी मी त्या वाचल्या. वार्षिक सभेतली भांडणं, आभारप्रदर्शनं आणि अधूनमधून इमारत. १९८६: गच्ची गळते, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) करून घ्यावा. १९९८: गच्ची पुन्हा गळते, पुन्हा कोबा. (जुना काढल्याची नोंद कुठेच नाही.) २००३: तिसऱ्या मजल्यावर मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. २०११: हॉलला वातानुकूलन. आणि मध्ये, ऑगस्ट २००५च्या पानावर, माझ्याच अक्षरात: 'ग्रंथपालांच्या सूचनेनुसार संपूर्ण ग्रंथसंग्रह तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवण्यात यावा. ठराव एकमताने मंजूर.'

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. आम्ही या दोहोंच्या मध्ये, आणि परळ-हिंदमाताचा भाग खोलगट, तिथे पाणी एरवीही भरतं. त्या दिवशी पुस्तकं तळमजल्यावर होती. मी आणि शिपाईमामा गुडघाभर पाण्यात, मग कमरेएवढ्या पाण्यात, खालच्या फळ्यांवरची पुस्तकं वरच्या फळ्यांवर चढवत होतो. नंतर दिवे गेले. चार हजारांवर पुस्तकं गेली. ओल्या कागदाच्या लगद्याचा तो वास पुढे दिवाळीपर्यंत हटला नाही. संग्रह वर हलवायचा हट्ट माझा होता, आणि त्याचा मला अभिमान होता. वर्धापनदिनाच्या दोन भाषणांत लोकांनी त्याचा उल्लेखही केला आहे.

मी ती नोंद इंजिनीअर साहेबांना दाखवली. त्यांनी नकाशा पसरला. तळमजल्यावर लिहिलं होतं 'ग्रंथसंग्रह', दुसऱ्या मजल्यावर 'वाचनकक्ष व सभा'. साहेब 'हं' म्हणाले. डॉक्टर असं 'हं' करतात तेव्हा पुढचं विचारायचं धाडस होत नाही.

पाहणी त्यांनी गच्चीवरून सुरू केली. मला वाटत होतं इमारत पायापासून बघत असतील. ते म्हणाले, पाणी वरून खाली येतं, आपणही तसंच यावं. गच्चीवर त्यांनी एका कोपऱ्यात कोबा फोडायला लावला. वर १९९८चा थर, खाली १९८६चा, त्याखाली मूळचा. "दहा सेंटिमीटरचा थर धरला तरी चौरस मीटरला दोनशे किलो. तुम्ही गळती थांबवायला स्लॅबच्या डोक्यावर एकावर एक गोधड्या टाकल्यात." मागच्या डक्टमध्ये पाइपाच्या सांध्यातून पिंपळ आला होता, तो आम्ही दर पावसाळ्याआधी छाटायचो. त्यांनी सांगितलं, छाटून मुळं जाड होतात. मुळासकट काढायचा, नाहीतर हात लावायचा नाही.

त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी होती, नुकतीच इंजिनीअर झालेली. हातात लहान हातोडी. ती प्रत्येक कॉलम, प्रत्येक बीम ठोकत जायची, कान लावून. टक्क आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की खडूने गोल. मला दोन दिवसांत तो फरक ऐकू यायला लागला आणि मग झोप उडाली. घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरातला कॉलम ठोकून पाहिला. मुलगा म्हणाला, "आई, आता आपलंही ऑडिट का?"

तडा आणि तडा यातला फरक मला तोवर माहीत नव्हता. भिंत आणि बीम जिथे भेटतात तिथली आडवी रेघ दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा ती नुसती दोन वेगळ्या वस्तू आपापल्या परीने आकसल्याची खूण असते. कॉलमच्या कोपऱ्यातून सरळ खाली उतरलेली बारीक रेघ मात्र, जिच्यावर आम्ही तीनदा रंग मारला होता, ती आतल्या सळईला समांतर असते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. जागा नाही म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी रेघ, मग फुगवटा, मग पोपडा. रंगसफेदीने रेघ दिसेनाशी होते, एवढंच.

अशा रेघा सर्वांत जास्त मागच्या बाजूला, स्वच्छतागृहांच्या रांगेत. अपेक्षितच. अनपेक्षित होतं ते तळमजल्याच्या हॉलमध्ये. स्टेजमागचं प्लायवूड काढलं तर कॉलमला वातानुकूलनाच्या पाइपासाठी झिरी मारलेली. झिरी भिंतीत मारतात, या पठ्ठ्याने कॉलममध्ये मारली होती, सळई दिसेपर्यंत. २०११च्या इतिवृत्तात त्या कामाबद्दल 'सुबक' असा शब्द आहे. इंजिनीअर साहेब त्या दिवशी एकदाच चिडले. घाटकोपरला २०१७च्या जुलैत कोसळलेल्या इमारतीची त्यांनी आठवण करून दिली, जिथे तळमजल्यावरच्या फेरफाराचं काम चालू होतं आणि सतरा माणसं गेली. "वरचे लोक झोपतात ते खालच्या कॉलमच्या भरवशावर. आणि खालचा त्यात पाइप घालतो."

मग यंत्रं आली.

पहिली रिबाउंड हॅमर. जाड पेनासारखी दिसते, टोक काँक्रीटवर दाबलं की आतलं वजन सुटून आपटतं आणि उसळी किती घेतली तो आकडा दिसतो. त्यासाठी फूटभर चौकोनात गिलावा काढून आतलं काँक्रीट घासून घ्यावं लागतं. वाचनालयभर पांढरी धूळ, आणि वाचनकक्षातले आजोबा पेपर झटकत बसलेले. गंमत अशी की सर्वांत आजारी म्हणून ज्या कॉलमवर खडूचे गोल होते, त्याच्या धड दिसणाऱ्या बाजूला हातोडीने चांगला आकडा दिला. मी खूश झाले. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, जुन्या काँक्रीटची वरची साल हवेने कडक होते. हातोडी फसते."

का फसते ते तिने दाखवलं. कॉलमचा कोपरा थोडा फोडला, ताज्या भेगेवर फिनॉल्फ्थेलीनचा फवारा मारला. शाळेत आम्ल-अल्कलीला वापरायचो तेच. आत खोलवर काँक्रीट गुलाबी झालं, अगदी रानी कलर. पण बाहेरून चार सेंटिमीटर जसंच्या तसं करडं. गुलाबी म्हणजे काँक्रीटमधली अल्कली शाबूत, आणि ती शाबूत असेतो सळईवर एक राखणारा पापुद्रा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत ती अल्कली मारत येतो. आमच्या त्या कॉलमची सळई अडीच सेंटिमीटरवर होती, म्हणजे करड्या भागात, राखणदाराविना. मी त्या गुलाबी-करड्या रेषेचा फोटो काढून ठेवलाय. समितीच्या बैठकीत पन्नास पानी रिपोर्टने जे झालं नाही ते त्या एका फोटोने झालं.

अल्ट्रासॉनिक चाचणीत कॉलमच्या दोन बाजूंना ग्रीस लावून दोन डबीएवढे प्रोब धरतात आणि आवाजाची लहर आरपार जायला किती वेळ लागला ते मोजतात. सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर चांगलं, तीनच्या खाली संशयास्पद. पुढच्या बाजूचे आमचे कॉलम ३.६, ३.८ वगैरे. मागचे २.७, एक २.४. गंजाची विद्युत चाचणीही मागच्या बाजूलाच उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेली, म्हणजे तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर. क्लोराइडही निघालं, म्हणजे सळई गंजवणारा खारटपणा. साहेबांना त्याचं नवल वाटलं नाही. सत्तरच्या दशकात मुंबईच्या बांधकामांना खाडीची रेती सर्रास यायची. ती धुऊन वापरली की नाही हे ज्याला माहीत असेल तो आता भेटायचा नाही.

शेवटी कोअर. आधी यंत्राने आतली सळई कुठे आहे ते शोधून तिला चुकवून जागा ठरवतात, मग पाण्याच्या धारेखाली काँक्रीटचा दंडगोल कापून काढतात. आवाज असा की अभ्यासिकेतली पोरं पहिल्यांदाच वेळेआधी घरी गेली. तीन कोअर (म्हणजे हे दंडगोल) प्रयोगशाळेत दाबून फोडले, ताकद निघाली चौरस मिलिमीटरला १४.२, १२.९, ११.६ न्यूटन. इमारत बांधली तेव्हाचं काँक्रीट एम-१५, म्हणजे याच मापात पंधराचं, धरलं होतं. आज आरसीसीला एम-२० पेक्षा कमी चालतच नाही. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, म्हणतं, तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५च्या खाली नको. म्हणजे १२.७५ आणि ११.२५. आमची सरासरी १२.९. काठावर पास! खजिनदारांनी टाळी वाजवली. साहेब म्हणाले, "हा निकष नव्या कामाच्या तपासणीचा आहे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला दहावीचा पेपर देऊन पास म्हणण्यातला प्रकार."

आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या एका फळीवर किती वजन असतं?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुस्तकं ३८ हजार, हे मी झोपेतही सांगेन. वजन? मामांनी तोडगा काढला आणि नाक्यावरच्या रद्दीवाल्याला काट्यासकट वर आणलं.

आम्ही वीसएक फळ्या मोजल्या. कथा-कादंबऱ्यांची फळी चोवीस किलोच्या आसपास. जुन्या मासिकांचे बांधीव खंड अडतीस किलोपर्यंत. (रद्दीवाला हे खंड हातात घेऊन ज्या नजरेने बघत होता ती मला आवडली नाही.) एका रॅकला सहा फळ्या, पाठीला पाठ लावून दोन रॅक, त्यांचं लोखंड वेगळं, मधली वाट मी जागा वाचवायला दोन फुटांची ठेवलेली. साहेबांनी कागदावर हिशेब मांडला. बांधीव खंडांच्या बाजूला चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या पुढे. घराच्या मजल्यासाठी दोनशे धरतात. पुस्तकं दुसरीकडे असतील अशा वाचनकक्षासाठी तीनशे. आणि ग्रंथसंग्रहासाठी, २.२ मीटर उंचीच्या रॅकना, सहाशे.

"तळमजला जमिनीवर टेकलेला आहे, तिथे सहा हजार ठेवलेत तरी चाललं असतं," ते म्हणाले. "दुसरा मजला माणसांनी बसून पेपर वाचायला बांधलाय."

मी गप्प झाले. माझा चेहरा बघून बहुधा, त्यांनी पुढे जोडलं, "त्या पावसात मी असतो तर मीही वरच नेली असती पुस्तकं. फक्त नंतर एकदा कोणाला तरी विचारलं असतं."

रिपोर्टची बैठक एप्रिलच्या शेवटी झाली. मागची बाजू आणि दुसरा मजला सी-२अ: पुस्तकं उतरवा, मागची स्वच्छतागृहं बंद करा, तोवर बीमांखाली लोखंडी टेकू, मागच्या कॉलमांना जॅकेटिंग (बाहेरून नवा मजबूत वेढा), गच्चीचे तिन्ही कोबे काढून हलकं जलरोधन. पाडायची गरज नाही. पुनर्विकासवाले विश्वस्त हिरमुसले. खजिनदारांनी मात्र शेवटचा प्रयत्न करून पाहिला: "साहेब, सी-२ब नाही का लिहिता येणार? काम आम्ही करूच. फक्त रिकामं करा एवढं नको. हॉलची बुकिंग आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, १४ मार्च २०१९ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, सात माणसं गेली. तो पूल आधीच्या तपासणीत किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. मग डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत, २७ सप्टेंबर २०१३, पहाटेची वेळ, एकसष्ट माणसं. ती तर पालिकेचीच होती, राहणारे पालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं, आणि इमारत ऐंशीच्या सुमाराची, तुमच्यापेक्षा लहान. "'अ' आणि 'ब' यात मी काय लिहितो त्याखाली माझी सही असते. बुकिंगखाली तुमची."

खजिनदार चांगले गृहस्थ आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः अकराच्या अकरा घरी फोन केले, अनामत परत केली. एका मुलीच्या बापाने त्यांना काय काय ऐकवलं ते ते सांगत नाहीत.

पैशांचं लिहीत नाही. देणगीसाठी ज्यांच्याकडे गेलो त्यांना पुस्तकांसाठी द्यायला आवडतं, कॉलमसाठी नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

पुस्तकं उतरवायला मेचे दहा दिवस लागले. अभ्यासिकेतली पोरं जिन्यावर रांगेत उभी राहिली आणि हातोहात पुस्तकं खाली आली. साहेबांची सक्त ताकीद होती की मधल्या पहिल्या मजल्यावर ढीग लावायचा नाही, 'जरा टेकवलं' तरी नाही, थेट तळमजल्यावर. आणि एका बाजूचे सगळे रॅक आधी रिकामे करायचे नाहीत, एक इकडचा, एक तिकडचा. हॉलमध्ये, जिथे नवरा-नवरी बसायची त्या स्टेजवर आता कोश आणि मराठी नियतकालिकं आली. कॉलमची झिरी भरून, त्याला वेढा घालून झाला होता.

म्हणजे अठरा वर्षांनी पुस्तकं पुन्हा तिथेच, जिथून मी ती पाण्यातून ओढून नेली होती. आता हिंदमाताचं पाणी साठवायला सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली टाक्या झाल्यात, पूर्वीइतकं तुंबत नाही, असं सगळे मला सांगत होते. मी ऐकलं आणि तरीही प्रत्येक रॅकच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवायला लावल्या. २००५च्या पाण्याची खूण भिंतीवर आहे, स्टेजच्या प्लायवूडमागे सापडली. तिच्या वर जेवढी मावली तेवढीच पुस्तकं लावली. उरलेले खंड अध्यक्षांच्या आणि माझ्या घरी खोक्यांत आहेत. अडतीस किलोची फळी पुन्हा घरच्या स्लॅबवर आणली म्हणून मुलगा चिडवतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन तड्यांवर त्या मुलीने काचेच्या बारीक पट्ट्या आडव्या चिकटवल्यात, वर पेनने तारीख घालून. तडा हलला तर काच तडकते. मी रोज सकाळी आल्या आल्या आधी त्या बघते, मग देवाला नमस्कार.

शेवटचा रॅक उतरला त्या संध्याकाळची गोष्ट. पहिल्या मजल्यावर देवघेवीच्या टेबलामागे एक सरकती काचेची खिडकी आहे, बरोबर दुसऱ्या मजल्याच्या बीमखाली. ती कित्येक वर्षं अडकलेली. मामा दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून ती वीतभर उघडायचे आणि उन्हाळा त्या वीतभर वाऱ्यावर काढायचो आम्ही. त्या दिवशी धुळीने जीव घुसमटला म्हणून मी सवयीने काचेला हात लावला आणि ती सुर्रकन टोकापर्यंत गेली. दोघंही बघत राहिलो. मग मामा म्हणाले, "मॅडम, आणि मी दर दिवाळीला तेल घालत होतो."

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, दोन-तीन मिलिमीटरने बीम वर आला असेल, तेवढंच पुरतं.

जुलैत एका रात्री धो धो पाऊस लागला, लोकल बंद पडल्या, मी वाचनालयातच राहिले. खाली पाच पायऱ्या आहेत. मामा बॅटरी घेऊन दर अर्ध्या तासाने जाऊन यायचे. दुसरी पायरी. अजून दुसरीच. मी ती खिडकी एका बोटाने सरकवून रस्त्यावरचं पाणी बघत बसले होते. पहाटे चारला मामा वर आले आणि म्हणाले, पहिली पायरी दिसायला लागली.